पोटातील मेद आणि यकृताचा विकार

शरीरातील मेद सर्वत्र सारखाच नसतो. त्वचेखालील मेद निराळा आणि उदरपोकळीत आतड्यांभोवती व वपेत साठणारा मेद निराळा. मांड्यांवरील मेदापेक्षा शरीराच्या वरच्या भागातील मेद मधुमेहादी विकारांशी अधिक निगडित असतो, हे फ्रान्समधील वैद्य झां व्हाग यांनी १९४७ साली दाखवून दिले.

असे का व्हावे? वपेतील रक्त प्रवेशिका नीलेवाटे थेट यकृतात जाते. तेथील मेद चटकन विघटित होतो आणि त्यातून सुटलेली मेदाम्ले यकृतापुढे येऊन ठेपतात. मेदाच्या या विघटनास एरवी इन्शुलिन आवर घालते. परंतु पोट सुटलेल्या माणसात त्याचा प्रभाव बहुधा मंदावतो. मग सर्व शरीरातील मेदसाठ्यांतून मेदाम्लांचा ओघ चालू राहतो. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांच्या यकृतातील मेदापैकी सुमारे ५९ टक्के रक्तातील मेदाम्लांपासून, २६ टक्के यकृताने स्वतः शर्करादी पदार्थांपासून आणि केवळ १५ टक्के आहारातील स्निग्धांशापासून आलेला आढळला. तेव्हा केवळ तूप-तेल वर्ज्य करून भागत नाही, हे उघड आहे.

यकृताच्या पाच टक्क्यांहून अधिक पेशींत मेद दिसू लागला, की त्यास मेदयुक्त यकृत म्हणतात. प्रारंभी वेदना नसते. काहींच्या बाबतीत पुढे दाह होतो, तंतू वाढतात आणि अखेर यकृत-सूत्रण रोग जडतो. मद्यप्राशन न करणाऱ्यांसही हा दाह होतो, हे १९८० साली अमेरिकेतील लुडविग व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदविले.

भारतीयांनी येथे विशेष सावध असावे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक एकच, २२.३, होता, पण २००४ साली त्यांनी प्रसिद्ध केल्याप्रमाणे युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के मेद होता. काटा सारखा, शरीरे भिन्न! म्हणून वजनाबरोबर कंबरही मोजावी. आपल्याकडे पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची मर्यादा मानतात.

समाधानाची गोष्ट ही, की आरंभी हा विकार मागे फिरू शकतो. स्थूल व्यक्तीचे वजन पाच टक्के घटले तरी यकृतातील मेद ओसरू लागतो. सात ते दहा टक्के घटल्यास दाहही शमण्याचा संभव वाढतो. मिताहार, गोड पेयांचा त्याग, मद्यापासून दूर राहणे आणि नित्य व्यायाम हेच त्याचे मुख्य साधन होय.