पिल्लांची ऊब आणि शेडमधली ओल

बचत गटाच्या कर्जातून कोंबडीची एक दिवसाची पिल्लं आणणाऱ्या ताया आता बऱ्याच गावांत आहेत. आज त्यांच्याशी बोलायचं आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एका ताईंनी शंभर पिल्लं आणली होती. डिसेंबरचे दिवस होते. खोली बंद, दिवा चालू, खाद्य-पाणी भरलेलं. सकाळी दार उघडलं तर कोपऱ्यात पिल्लांचा ढीग. वरची जिवंत, खालची चेंगरून मेलेली. मोजली तर एकतीस. रोग कुठलाच नव्हता. वीजबिल वाचावं म्हणून त्यांनी एलईडी बल्ब लावला होता. त्याचा उजेड लख्ख, पण ऊब जवळजवळ नाहीच. चूक त्यांच्या एकटीची नव्हती. कर्ज मंजूर करताना आम्हीही कुणी हे विचारलं नव्हतं.

पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते. खरी पिसं यायला तीन-चार आठवडे लागतात. सापासारखंच पहिले काही दिवस पिल्लालाही बाहेरच्या उबेवर जगावं लागतं, स्वतःचं अंग ते नीट गरम ठेवू शकत नाही. गावठी कोंबडी त्यांना पोटाखाली घेते. आपण विकत आणलेल्या पिल्लांना आई नाही, म्हणून तिचं काम आपल्याला करायचं असतं. त्यालाच ब्रूडिंग म्हणतात.

पहिल्या आठवड्यात उबेच्या जागी साधारण ३५ अंश सेल्सिअस तापमान लागतं. दुसऱ्या आठवड्यात ३२, तिसऱ्यात २९, चौथ्यात २७ आणि पाचव्यात २४, असं ते हळूहळू उतरवायचं. थर्मामीटर भिंतीवर टांगू नका. पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, म्हणजे तुसापासून दोन इंच वर धरा. ऊब पिल्लाला लागते, भिंतीला नाही.

दर पिल्लामागे दोन वॅट असा हिशेब धरा. शंभर पिल्लांना शंभर वॅटचे दोन बल्ब पुरतात, पण ते तारेचे पिवळे बल्ब हवेत. एकच मोठा बल्ब लावू नका, तो उडाला तर सगळंच थंड. तुसापासून साधारण दीड फुटावर पक्क्या तारेने टांगा. नुसत्या वायरीवर लोंबकळत ठेवले आणि खाली पडले तर तूस पेट घेतं. भोवती पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं फूट-दीड फूट उंचीचं गोल कडं करा. गोलच का? कारण थंडी वाजली की पिल्लं कोपऱ्यात घुसतात आणि एकमेकांवर चढतात. गोलाला कोपराच नसतो. पिल्लं वाढतील तसं कडं मोठं करत जा.

थर्मामीटर नसेल तर पिल्लंच सांगतात. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट करत असतील, तर त्यांना थंडी वाजतेय, बल्ब खाली घ्या. कड्याला चिकटून, चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील, तर उकडतंय, बल्ब वर घ्या किंवा एक बंद करा. सगळी एकाच बाजूला सरकली असतील, तर दुसरीकडून वारा येतोय. सगळीकडे पसरून खात-पीत, मधूनच झोपत असतील, तर ऊब बरोबर आहे. रात्री झोपण्याआधी एकदा आणि पहाटे एकदा ही पाहणी कराच.

आता ओलीचं. हवेत ५० ते ७० टक्के आर्द्रता पिल्लांना मानवते. ती मोजायचं यंत्र आपल्याकडे नसतं, पण हात असतो. दोन-तीन इंच जाडीचं भाताचं तूस अंथरलेलं असेल, त्यातलं मूठभर घ्या आणि दाबा. मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर तूस ओलं आहे. भुगा उडाला तर फार कोरडं. जरासं धरून लगेच सुटलं तर ठीक. ओल्या तुसात रक्ती हगवण बळावते आणि अमोनियाचा उग्र वास सुटतो. हा वास उभ्याने कळत नाही. खाली बसा, पिल्लांच्या उंचीला नाक न्या. तुमचे डोळे चुरचुरले, तर पिल्लांचं काय होत असेल?

ओल बहुतेक वेळा पाण्याच्या भांड्याभोवती होते. भांडं विटेवर, पिल्लाच्या पाठीच्या उंचीला ठेवा. ओलं झालेलं तूस त्याच दिवशी काढा आणि रोज एकदा तूस खालीवर करा. पावसाळ्यात गोणपाटाचे पडदे सोडताना वर हातभर जागा मोकळी ठेवा. खोली हवाबंद केली की ऊब राहते, पण ओल आणि वासही आतच राहतात. उन्हाळ्यात उलट करायचं. दुपारी बल्ब बंद, पडदे वर, पाणी थंड. रात्री गारवा आला की परत बल्ब.

वीज गेली तर? गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून कड्यात ठेवा, दर दोन-तीन तासांनी बदला. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र नको. तिच्या वायूला वास नसतो, तो पिल्लांना मारतो आणि शेजारी झोपलेल्या बाईलाही.

शेवटचं एक. उबदार खोलीत खाद्य असलं की उंदीर येतात, आणि उंदरांमागे साप. पिल्लं आणायच्या आधीच बिळं बुजवा.

त्या ताईंनी पुढच्या वर्षी पुन्हा शंभर पिल्लं आणली. यावेळी आधी वही केली, त्यात रोजचं तापमान, तुसाची स्थिती आणि मरतुक लिहिली. महिन्याअखेर चार पिल्लं गेली होती. आता आमच्या गटात कुक्कुटपालनाचं कर्ज देताना पहिला प्रश्न असतो : ताई, बल्ब कुठला लावणार? तुमच्याही पुढच्या बैठकीत हा प्रश्न विचारा.