भिंत पाडण्याआधी वर बघा

छत्रपती संभाजीनगरात (औरंगाबादेत) शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्यामागच्या गल्ल्यांत एखाद्या घरानं स्वयंपाकघर मोकळं करायचं ठरवलं, की आधी मिस्त्री येतो. मधल्या भिंतीवर दोन थापा मारतो, आवाज ऐकल्यासारखं करतो आणि सांगतो, "ये तो पडदी है भाभी, कुछ नै होता." नंतर भाव ठरतो, आणि सोमवारी घण घेऊन दोन पोरं दारात उभी राहतात. इंजिनिअर, परवानगी, पाणी, गॅस यांतला एकही शब्द तोवर कुणी उच्चारलेला नसतो.

थापेच्या आवाजावरून गिलावा सुटला आहे की नाही एवढं कळतं. भिंतीवर काय टेकलं आहे ते कळत नाही. त्यासाठी वर बघावं लागतं.

इथल्या जुन्या घरांत वर माळवद असतं: लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर दाबून बसवलेली माती. उन्हाळ्यात ही माती घर थंड ठेवते, पण तिला वजन असतं. माती फक्त फूटभर जाड धरली तरी एका चौरस मीटरवर साधारण पाचशे किलो येतात. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीवर साडेचार टनांच्या आसपास. पिढ्यानपिढ्या दर पावसाळ्याआधी वर नवी माती टाकली गेली असेल, तर हा आकडा आणखी वर जातो. एवढा भार कुठून कुठे उतरतो ते कड्यांची दिशा सांगते. कड्या ज्या तुळईवर आडव्या पडल्या आहेत, ती तुळई पुढे कशावर टेकली आहे? खांबावर टेकली असेल तर ठीक. पण पुष्कळ घरांत तिचं एक टोक खांबावर आणि दुसरं भिंतीत खुपसलेलं असतं. खांबच भिंतीत गाडलेला असला, तर गिलाव्यामुळे तो दिसतही नाही. म्हणून 'भिंत साडेचार इंचांची आहे, म्हणजे भार नाही' हा हिशेब इथे चालत नाही. वडिलांनी कधीतरी वर एक खोली चढवताना नवा स्लॅब त्याच 'पडदी'वर टेकवलेला असू शकतो. पुढे दुकानावर स्लॅब, मध्ये माळवद आणि मागे पत्रे अशी तीन काळांची घरं शहागंजात नवलाची नाहीत. अशा घरात एका खोलीतला नियम दुसऱ्या खोलीला लागू पडत नाही.

'भिंत जाड, म्हणजे भक्कम' हा याच्या उलटा गैरसमज. त्याची किंमत मराठवाड्यानं ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मोजली. किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसं गेली. दगडमातीच्या दीड-दोन हात जाड भिंती बाहेरून भरभक्कम दिसत होत्या. आत मात्र दगडांचे दोन सुटे पदर होते, मध्ये भर घातलेली होती, आणि दोन्ही पदरांना आरपार बांधणारे दगड नव्हते. त्या भिंती फुटल्या. लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा नीट जुळलेला होता, अशा कित्येक घरांत मात्र भिंती पडूनही छत खांबांवर उभं राहिलं. यावरून 'आपल्याकडे खांब आहेत, भिंत काढली तरी चालेल' असं कुणी म्हणू नये. खांब पायथ्याशी वाळवीनं पोखरलेला असेल, तर त्याचा वाटा ही भिंत गुपचूप उचलत असते. खांबाच्या बुडाशी सुरी टोचून पाहा. पातं सहज आत गेलं, तर त्या भिंतीला हात लावायचा नाही.

मग मोकळं कसं करायचं? आख्खी भिंत न काढता तिच्यात रुंद मोकळीक ठेवायची. दोन्ही टोकांना भिंतीचा दोन-दोन फूट भाग राखायचा, वर लोखंडी गर्डर टाकायचा, आणि गर्डरच्या टोकांखाली काँक्रीटच्या बैठका द्यायच्या, म्हणजे सगळा भार दोन-चार विटांवर येत नाही. क्रम चुकवायचा नाही. आधी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी तुळयांना टेकू, मग गर्डर, आणि तो बसल्यावरच खालची वीट. मिस्त्री उलटं करतात, कारण टेकू भाड्यानं आणावे लागतात. राहत्या घरात मी सिमेंटच्या तुळईपेक्षा लोखंडी गर्डरच्या बाजूनं कौल देईन. भारतीय मानकाप्रमाणे सहा मीटरपर्यंतच्या काँक्रीटच्या तुळईखालचे टेकू चौदा दिवस काढायचे नसतात. घराच्या मधोमध टेकूंचं जंगल, त्यातून वाट काढत शाळेला निघालेली मुलं आणि चहाचा ट्रे घेऊन आलेली सून: दोन आठवडे हे निभत नाही. पाचव्या दिवशी कुणीतरी एक टेकू 'जरासा' सरकवतंच.

फ्लॅटमध्ये प्रकरण सोपं आहे. तिथे भार काँक्रीटच्या कॉलम-बीमवर असतो आणि मधली विटांची भिंत बहुतेकदा निव्वळ आडोसा असते. पण पाइपासाठी बीमला झिरी मारणं किंवा कॉलमचा कोपरा छिलणं हा गुन्हाच समजावा. वरचे लोक त्या कॉलमवर झोपतात.

'घराच्या आतलं काम, परवानगी कशाला?' हे निम्मं खरं आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानं बाहेरचं रूप फारसं न बदलणाऱ्या दुरुस्तीला सूट दिली आहे. वारसा इमारतींना आणि वारसा परिसराला ही सूट नाही. आणि महापालिकांच्या १९४९ च्या कायद्यात छप्पर पेलणारी किंवा शेजाऱ्याशी सामाईक असलेली भिंत काढताना आयुक्तांना आधी कळवण्याची तरतूद आहे. ही सामाईक भिंत शहागंजात मोठीच बाब आहे, कारण घरं एकमेकांना खेटून उभी आहेत. तुमच्या भिंतीच्या पलीकडच्या अंगाला शेजाऱ्याच्या तुळयाही टेकलेल्या असतात, आणि त्यांच्याकडे भेग पडली की पुढची वीस वर्षं बोलणं बंद. कागद आणि शेजारी ही दोन्ही कामं घण येण्याआधी उरकावीत.

आता हवेचं. 'भिंत काढली की हवा खेळते,' असं जो तो सांगतो. हवा खेळायला तिला आत यायला एक वाट लागते आणि बाहेर जायला दुसरी. दोन कोंदट खोल्यांमधली भिंत काढली, तर एक मोठी कोंदट खोली मिळते, आणि फोडणीचा ठसका आता थेट दिवाणावर येऊन बसतो. जुन्या घरांत ही बाहेरची वाट म्हणजे चौक. धूर, वाफ, धुण्याचं पाणी, ऊन सगळं तिथून ये-जा करायचं. नंतर चौकावर फायबरचे पत्रे पडले, कुणी तिथे बाथरूम बांधलं, आणि स्वयंपाकघर अंधारलं. दोष भिंतीचा नसून पत्र्याचा असतो. माझा सल्ला ऐकून लोक नाराज होतात, पण भिंतीला हात लावण्याआधी चौकावरचा एखादा पत्रा काढून महिनाभर राहून बघावं. निम्म्या घरांत पुढचं काम लागतच नाही.

'चिमणी बसवली की झालं' हेही असंच. बाहेर नळी न काढलेली चिमणी हवा जाळीतून गाळून पुन्हा घरातच सोडते. तेल थोडं अडतं, पण वाफ आणि ज्वलनातून निघणारे वायू जिथल्या तिथे राहतात. भिंत काढल्यावर नळी कुठून न्यायची, हे भिंत असतानाच ठरवावं. शक्य तितकी आखूड, शक्य तितकी सरळ.

गॅसच्या बाबतीत गैरसमज जिवावर बेततो. सिलिंडर सुबक कपाटात बंद केला की स्वयंपाकघर 'मॉड्युलर' दिसतं. पण एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोनपट जड असतो. गळला तर वर न जाता फरशीवर पसरतो आणि कपाटाच्या तळाशी साचतो. म्हणून झरोका वर असून भागत नाही, तो फरशीलगत हवा, आणि कपाटाला खाली जाळी हवी. सिलिंडर उभाच ठेवायचा, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर, रबरी नळी दीड मीटरच्या आत आणि पाच वर्षांनी बदललेली. नळानं येणारा नैसर्गिक वायू मात्र हवेपेक्षा हलका असतो आणि छताकडे चढतो. त्यासाठी झरोका वर लागतो. पुढेमागे नळाचा गॅस घ्यायचा विचार असेल, तर आताच दोन्ही झरोके ठेवून द्यावेत.

राहत्या घरात काम काढणाऱ्यांची समजूत असते, की आठ-दहा दिवस बाहेरचं खाऊ, मग आपलं स्वयंपाकघर. गुलमंडीपर्यंत चालत गेलं की खायची ददात नाही, हे खरंच. पण काम आठ-दहा दिवसांत होत नाही, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तिसऱ्या दिवशी वरण-भात लागतो. तेव्हा तोडफोडीच्या आधी दुसऱ्या खोलीत किंवा गच्चीच्या आडोशाला चालतं स्वयंपाकघर मांडून दोन दिवस त्यात खरोखर रांधून पाहावं. काय राहिलं ते तेव्हाच कळतं, आणि ती बहुधा मोरी असते. भांडी घासायची कुठे, हे कुणीच ठरवलेलं नसतं. इंडक्शन शेगडी वापरणार असाल तर ती दोन हजार वॉटची असते, म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर ओढते. तिला सोळा अँपिअरचा सॉकेट लागतो. दिवाणखान्यातल्या टीव्हीच्या सॉकेटवर ती आणि मिक्सर लावले, तर जुनी वायर आधी तापेल आणि मग वितळेल.

पाण्याचा विचार मात्र भल्याभल्यांच्या हातून सुटतो. शहराचं पाणी जायकवाडीहून येतं, आणि नळाला ते काही दिवसांआड येतं. आपल्याला त्याची इतकी सवय झाली आहे, की हौद, ड्रम आणि टाकी यांचा हिशेब आपण झोपेतही करतो. पण बांधकाम त्या हिशेबात नसतं. काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारावं लागतं. दुकानात सर्रास मिळणारं राखमिश्रित सिमेंट असेल तर दहा दिवस. तोडताना धूळ दाबायला पाणी लागतं, ते वेगळं. मोरीची गळती तपासायला तिथे किमान चोवीस तास पाणी साठवून ठेवायचं असतं. पाणी आलेल्या दिवशीच काँक्रीट करावं, म्हणजे टाकी भरलेली असते. बांधकामासाठी ड्रम वेगळा आणि झाकलेला ठेवावा. नाहीतर प्यायच्या हौदात मजुराची बादली बुडते, आणि मग घरात जे भांडण होतं ते भिंतीपेक्षा जास्त दिवस टिकतं.

धुळीला लोक घरकामाचा त्रास समजतात. खरं तर वीट आणि दगड कोरडे कापले की हवेत सिलिका उडते. ती फुप्फुसात राहते आणि बाहेर पडत नाही. ग्रॅनाइट आणि टाइल कापणं घराबाहेर, पाणी सोडून करून घ्यावं, आणि कापणाऱ्याच्या तोंडाला नीट बसणारा मास्क आहे का तेही पाहावं. तो माणूस हे काम रोज करतो. तोडलेला मलबा गल्लीच्या तोंडाशी टाकायचा नसतो. केंद्रीय नियमांनुसार ती जबाबदारी काम काढणाऱ्या घरमालकाची आहे. तशीही गल्लीत हातगाडी जेमतेम वळते. रमजानच्या संध्याकाळी आणि दिवाळीच्या आधी शहागंजात टेम्पो शिरत नाही, आणि पावसाळ्यात माळवदाला हात लावायचा नाही. राहिले दिवाळीनंतरचे तीन-चार महिने.

'चुन्या-मातीचं बांधकाम कच्चं, त्यावर सिमेंट चढवलं की पक्कं.' या समजुतीनं जुन्या शहराचं जेवढं नुकसान केलं, तेवढं पावसानंही केलं नसेल. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ मध्ये इंग्लंडात निघालं. शहागंजच्या बाजारचौकातली मोठी मशीद १७२० च्या सुमाराची, म्हणजे त्याच्या शंभर वर्षं आधीची आहे, आणि तिच्या चौथऱ्याखालची दुकानं आजही चालू आहेत. जुन्या भिंतीत जमिनीतून ओल चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती वाळून जाते. वर सिमेंट चढवलं की ओल आतच अडकते आणि वर सरकते. मग आधी फूटभर उंचीवर असलेला लोणा चार फुटांवर दिसू लागतो. स्वयंपाकघरात मोरीमागे टाइल बसवा, पण बाकीच्या जुन्या भिंतींना चुनाच लावा.

सामानाबद्दल थोडक्यात. 'वॉटरप्रूफ प्लाय' हे दुकानदाराचं बोलणं झालं. पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायवर आयएस ७१० असं छापलेलं असतं, आणि 'कमर्शियल' म्हणून मिळणारा प्लाय फक्त दमटपणा सोसतो. ओल आणि वाळवी दोन्ही असलेल्या घरात मी ओट्याखाली प्लाय घालणारच नाही. कडप्प्याच्या उभ्या-आडव्या फळ्या आपल्या आज्यांच्या घरात होत्या, त्याच बऱ्या. ओट्याच्या माथ्यावर मात्र कडप्पा नको. तो चुनखडीचा दगड, लिंबू-चिंचेनं त्याची लकाकी जाते. तिथे ग्रॅनाइट.

राहिली ओट्याची उंची. सुतार आणि गवंडी न विचारता चौतीस इंच धरतात, कारण मागच्या घरात तेवढीच होती. जी व्यक्ती रोज रांधते तिचं कोपर जमिनीपासून मोजा आणि त्याच्या चार ते सहा इंच खाली ओटा घ्या. पाच फुटांच्या बाईला चौतीस इंचांवर भाकरी थापायची म्हणजे खांदे वर उचलून धरावे लागतात, आणि शेगडी व तवा मिळून आणखी पाच-सहा इंच वर चढतात. तेव्हा शेगडीपुरता ओट्याचा भाग थोडा खाली बसवून घ्यावा. ग्रॅनाइट कापायच्या आधी हे सांगितलं तर मजुरी फारशी वाढत नाही.