होडीतून उतरल्यानंतरचे चार तास

होडीत दिवसभर खिदळणारं मूल धक्क्यावर उतरल्यावर तासाभरात किरकिरायला लागतं. घरचे त्याला हट्ट म्हणतात. पण बहुतेकदा ते मूल उन्हानं, तहानेनं आणि हेलकाव्यांनी थकलेलं असतं. सकाळी देवबागजवळ डॉल्फिन, मग मालवणहून सिंधुदुर्ग किल्ला आणि संध्याकाळी लगेच कोल्हापूरकडे गाडी, हा सुट्टीतला नेहमीचा बेत मोठ्यांनाही झेपत नाही.

समुद्रावरच्या वाऱ्यात घाम जाणवत नाही आणि ऊन लागल्याचंही कळत नाही. पाण्यावरून उलटून येणारे किरण टोपीखालच्या गालांपर्यंत पोचतात. त्वचेची लाली काही तासांनी उमटते, म्हणून मूल तळमळतं ते रात्री अंथरुणात. उतरल्या-उतरल्या गोड्या पाण्यानं अंघोळ आणि कोरडे सुती कपडे, एवढ्यानंच निम्मी कुरकुर थांबते. खारट ओल्या कपड्यांतली वाळू जांघेत आणि काखेत घासते. लहान मुलाला ते नीट सांगता येत नाही.

कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा तोवर होडीला सरावलेली असते. जमिनीवरही काही वेळ डुलल्यासारखं वाटतं. गाडी लागण्याचा त्रास सर्वाधिक होतो तो साधारण सहा ते बारा या वयात, आणि नेमकी हीच मुलं फोंडा किंवा करूळ घाटाच्या वळणांवर आणली जातात. दीड-दोन तास किनाऱ्यावरच थांबून मग निघणं केव्हाही बरं. गाडीत मोबाईल देऊ नये: डोळे पडद्यावर खिळलेले आणि अंग वळणावळणाला हलणारं, यानं मळमळ वाढतेच. पुढचा रस्ता दिसेल अशी जागा द्यावी.

खाण्यात मऊ भात, पेज, ताक, शहाळं. तळलेली सुरमई थोडी उशिरा. ज्या मुलाला उलट्या झाल्या नाहीत त्याला पाणी आणि मीठ घातलेलं साधं जेवण पुरतं. उलट्या झाल्या असतील तर जलसंजीवनी (ओआरएस) घोटाघोटानं पाजावी, आणि ती नेमकी कोणती हे पाहणं फार महत्त्वाचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं आणि सोडियम-पोटॅशियमचे क्षार ठरलेल्या प्रमाणात असतात. त्याच नावानं बाटल्या-खोक्यांतून विकल्या गेलेल्या कित्येक गोड पेयांत साखर याच्या अनेक पट होती. जास्त साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढवते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध सुमारे आठ वर्षं लढा दिला, त्यासाठी तेलंगण उच्च न्यायालयातही गेल्या. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरण्याची दिलेली मुभा मागे घेतली. एका डॉक्टरच्या चिकाटीनं हे घडलं, याची नोंद प्रत्येक पालकानं ठेवायला हवी. ज्या जलसंजीवनीनं १९७१ च्या बांगलादेश युद्धावेळी निर्वासित छावण्यांत डॉ. दिलीप महालनबीस यांच्या हातून असंख्य जीव वाचले, तिचं नाव सरबताला मिळणं अन्यायाचंच होतं. प्रवासात पावडरची पाकिटं बाळगावीत आणि पाण्याचं माप पाकिटावर लिहिल्याप्रमाणेच घ्यावं.

मन रमवायला फारसं काही लागत नाही. शिंपले धुऊन वाळत घालणं, होडीवाल्या काकांनी काय सांगितलं ते आजीला फोनवर सांगणं, चित्र काढणं, अशी हातातली कामं मुलं आनंदानं करतात. नवा खेळ, बाजारातली फेरी किंवा उशिराचं हॉटेल मात्र त्या दिवशी नको. नेहमीपेक्षा तासभर आधी झोपवावं.

काही खुणांवर मात्र वाट पाहू नये. पाण्यात गटांगळी खाल्लेलं मूल नंतर सतत खोकत असेल, धापा टाकत असेल किंवा अवेळी सुस्त पडत असेल, तर लगेच रुग्णालय गाठावं. अंग तापून मूल असंबद्ध बोलू लागलं, बराच वेळ लघवी झाली नाही, किंवा लाल त्वचेवर फोड आले, तरीही डॉक्टरांकडेच जावं. भाजल्यावर बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नये, गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. ताप किंवा ठणक्यासाठी मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.