यादीत नाव चुकतं कसं? एक्सपाथमधल्या ‘बरोबर नाही’चा घोटाळा

शिष्यवृत्तीची यादी लागते. एका विषयात नापास झालेल्याचं नाव त्यात असतं आणि एखाद्या मुलीचं नाव कुठेच नसतं. आई-वडिलांना वाटतं, वशिला चालला. पण कधी कधी दोष एका छोट्या चिन्हाचा असतो. कॉम्प्युटर शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी तो समजून घ्यायला हवा.

एक्सएमएल म्हणजे माहिती टॅगमध्ये मांडून ठेवायची पद्धत. समजा, ‘विद्यार्थी’ टॅगच्या आत प्रत्येक विषयासाठी एक ‘निकाल’ टॅग आहे. अशा प्रत्येक भागाला नोड म्हणतात. हवे ते नोड निवडण्यासाठी एक्सपाथ ही भाषा आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने तिची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये प्रसिद्ध केली.

आता तीन विद्यार्थी घ्या. पहिली सगळ्या विषयांत पास. दुसरा फक्त गणितात नापास. तिसरीचे निकाल अजून भरलेलेच नाहीत.

विद्यार्थी[निकाल = 'नापास']

याचा अर्थ, ‘एक तरी निकाल नापास आहे का?’ इथे दुसरा सापडतो. अगदी बरोबर. मग पास झालेल्यांसाठी आपण लिहितो:

विद्यार्थी[निकाल != 'नापास']

इथेच फसगत होते. एक्सपाथ विचारतो, ‘नापास नसलेला एक तरी निकाल आहे का?’ दुसरा उर्दूत पास आहे, म्हणून तोही यादीत येतो. एकच मुलगा दोन्ही याद्यांत! आणि तिसरीकडे तुलना करायला नोडच नाही, म्हणून ती एकाही यादीत नाही.

‘एकही निकाल नापास नाही’ असं म्हणायचं असेल, तर नकार बाहेर हवा: नॉट(निकाल = 'नापास'). पण आता तिसरी निकाल नसतानाच पास ठरते! म्हणून पूर्ण अट अशी:

विद्यार्थी[निकाल अँड नॉट(निकाल = 'नापास')]

आणि राहिलेल्यांसाठी वेगळी यादी:

विद्यार्थी[नॉट(निकाल)]

टॅगची नावं मराठीत चालतात. ‘नॉट’ आणि ‘अँड’ मात्र इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचे.

कोणतीही यादी जाहीर करण्याआधी हे तीन नमुने तपासून पाहा: सगळं बरोबर असलेला, थोडं चुकलेला आणि काहीच नोंद नसलेला. तिसरा नमुना बहुतेक जण विसरतात, आणि एखाद्या गरजू मुलीची फी तिथेच अडकते.