न्यूट्रिनोला वस्तुमान येते कुठून?

दोलन

वैश्विक किरण वातावरणाच्या वरच्या थरावर आदळले की न्यूट्रिनो जन्मतात. पालघर जिल्ह्यातील राजोडीच्या किनाऱ्यावर थेट डोक्यावरून येणारा न्यूट्रिनो जेमतेम १५-२० किलोमीटर प्रवास करतो. वाळूखालून सरळ वर येणारा मात्र ईस्टर बेटाच्या उत्तरेला, पॅसिफिकवर जन्मलेला असतो आणि पृथ्वीचा सुमारे १२,७०० किलोमीटरचा व्यास ओलांडून आलेला असतो. या लांबच्या वाटेने येणाऱ्यांत म्यूऑन न्यूट्रिनो कमी भरतात, हे जपानच्या सुपर-कामिओकांडे प्रयोगाने १९९८ मध्ये दाखवले. वाटेत ते नाहीसे होत नाहीत, त्यांची जात बदलते. वातावरणीय न्यूट्रिनोंच्या पहिल्या नोंदींपैकी एक मात्र भारतातली: कोलारच्या सोन्याच्या खाणीत, २ किलोमीटरहून अधिक खोलीवर, टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ओसाका आणि डरहॅमच्या संशोधकांसह १९६५ मध्ये केलेली.

मिश्रण

इलेक्ट्रॉन, म्यूऑन आणि टाऊ या न्यूट्रिनोच्या तीन जाती. निश्चित वस्तुमानाच्या अवस्थाही तीनच. पण एका जातीला एक अवस्था असा मेळ बसत नाही. प्रत्येक जात तिन्ही अवस्थांचे मिश्रण असते. मिश्रणाचे दोन कोन मोठे आहेत, सुमारे ३३ आणि ४५ ते ४९ अंश; तिसरा ८.५ अंश. क्वार्कांमध्ये सर्वांत मोठा कोन १३ अंशांचा, त्यामुळे ही तफावत डोळ्यांत भरते. दोलनातून वस्तुमानांच्या वर्गांतील फरक तेवढे कळतात. त्यावरून एक तरी न्यूट्रिनो ०.०५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट किंवा अधिक जड असला पाहिजे. जर्मनीतील कात्रिन प्रयोगाची वरची मर्यादा ०.४५ आहे. म्हणजे इलेक्ट्रॉनपेक्षा न्यूट्रिनो दहा लाख पटींहून हलका.

सीसॉ यंत्रणा

इतके हलकेपण कशामुळे? पीटर मिंकोव्स्की यांनी १९७७ मध्ये आणि पाठोपाठ यानागिदा, गेल-मान, रामाँ, स्लान्स्की, तसेच ओडिशात जन्मलेले रवींद्र महापात्र आणि सेन्यानोविच यांनी एक उत्तर मांडले. नेहमीच्या न्यूट्रिनोला एक अतिजड जोडीदार मानायचा. मग हलक्याचे वस्तुमान म्हणजे सामान्य (इतर कणांसारख्या) वस्तुमानाचा वर्ग भागिले जड जोडीदाराचे वस्तुमान. एक जितका जड, तितका दुसरा हलका. सामान्य वस्तुमान १०० गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरले तर जोडीदार जिनिव्हाच्या महाकाय त्वरकाच्या ऊर्जेच्या हजार कोटी पट जड निघतो. तेच इलेक्ट्रॉनइतके धरले, तर तो जवळपास त्वरकाच्या टप्प्यात येतो. सूत्र देखणे आहे. पण त्यातली एक राशी अशी मोकळी सुटते, आणि तिथेच त्याची मर्यादा आहे.

सममितीची प्रतिमाने

सीसॉ हलकेपणा समजावते, कोन नाही. एकेकाळी टाटा संस्थेत असलेले जी. राजसेकरन आणि अर्नेस्ट मा यांनी २००१ मध्ये चतुष्फलकाची सममिती न्यूट्रिनोंना लावली. तिच्यावर पुढे रचलेल्या अनेक प्रतिमानांत तिसरा कोन शून्य येत असे. चीनच्या दाया बे प्रयोगाने २०१२ मध्ये तो शून्य नसल्याचे निश्चित केले. मग प्रतिमानांना दुरुस्त्या जोडल्या गेल्या. या दुरुस्त्यांपेक्षा मूळचे चुकलेले भाकीत अधिक मोलाचे वाटते. ते निदान खोटे ठरू शकत होते.

कुलाब्यातील दुवे

तीन अवस्थांचा चढता क्रम अजून ठरायचा आहे. अधिनवताऱ्याच्या स्फोटातील न्यूट्रिनोंवरून तो कसा ओळखता येईल, हे पुढे कुलाब्याच्या टाटा संस्थेत आलेल्या अमोल दिघे यांनी अलेक्सेई स्मिर्नोव्ह यांच्यासह २००० मध्ये दाखवले. न्यूट्रिनो स्वतःच स्वतःचा प्रतिकण आहे, हे सीसॉचे गृहीतक. तसे असेल तर काही अणुकेंद्रे न्यूट्रिनो न सोडता दोन इलेक्ट्रॉन बाहेर टाकतील. कथिल-१२४ मध्ये हा क्षय शोधण्यासाठी याच संस्थेने अतिशीत संवेदकांचा ‘टिन-टिन’ प्रकल्प हाती घेतला. असा क्षय जगात कुठेही निःसंशय दिसलेला नाही. दिसला, तरी जड जोडीदाराचे वस्तुमान त्यातून थेट कळणार नाही. आणि चढता क्रम प्रतिकूल असेल तर क्षयाचा वेग इतका मंद असू शकतो, की न दिसण्यावरून सीसॉ फेटाळताही येणार नाही.