पाणी जातें कोठें?

घरांतील एखाद्या मुलास रोज सायंकाळीं अंगांत कणकण येऊं लागली, तर त्यास रोज काढा पाजून स्वस्थ बसणाऱ्या वडील माणसास कोणी शहाणें म्हणत नाहीं. ज्वराचें मूळ कोठें आहे हें तो वैद्याकडून शोधून घेतो. परंतु अंगणांतील गाडीच्या बाबतींत हाच मनुष्य महिनाभर नुसता काढा पाजीत राहतो, असा आमचा अनुभव आहे. आणि तो वडील मनुष्य म्हणजे आम्हीच. ज्या घरीं शेती आहे तेथें हल्लीं बैलगाडीच्या जागीं बहुधा पिकअप उभी असते. तेव्हां आमची चूक इतरांच्या उपयोगी पडेल असें वाटल्यावरून ती येथें नमूद करीत आहों.

आमच्या पुतण्याची काटोल तालुक्यांत संत्र्याची बाग आहे. मृगबहाराचीं फळें फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत निघतात. पिकअप रात्रीं नागपुरास आमच्या अंगणांत असते. पहाटे ती बागेकडे जाते आणि दुपारीं फळें भरून कळमेश्वरमार्गें सुमारें ६० किलोमीटरचें अंतर तोडून कळमन्याच्या बाजारांत येते. गेल्या हंगामांत गाडी चालवणारा मुलगा निघण्यापूर्वीं रोज रेडिएटरांत तांब्याभर पाणी ओतूं लागला. पुतण्यानें एकदां विचारलें, "काका, हें पाणी जातें तरी कोठें?" आम्हीं म्हटलें, "अरे, नागपूरचा उन्हाळा हा. माणूस पाणी पितो, तशी गाडीहि पिते." आमच्या लहानपणीं मालमोटारींचे क्लीनर थांब्याथांब्यावर बादलीनें पाणी ओततांना आम्हीं पाहिले होते; त्याच आधारावर आम्हीं हा निर्णय दिला. कूलंटचा डबा महाग, म्हणून बोरिंगचें पाणी घालण्याची सूचनाहि आमचीच. पाणी तें पाणीच, त्यांत भेद कसला, असें आमचें म्हणणें होतें.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यांत कळमेश्वर ओलांडल्यावर उष्णतेचा कांटा लाल रेघेवर गेला. मुलानें गाडी थांबवली, बोनेट उघडलें आणि ओला पंचा गुंडाळून झाकण फिरवलें. उकळत्या पाण्याचा लोट उसळला व त्याचा उजवा हात कोंपरापर्यंत भाजला. जवळच्या शेतकऱ्यानें त्याचा हात वीस मिनिटें मोटारीच्या थंड पाण्याखालीं धरविला, हें त्यानें फार उत्तम केलें. फळें चार तास उन्हांत राहिलीं व निम्म्या भावानें गेलीं. तें नुकसान आम्ही सोसूं. परंतु मुलाच्या आईसमोर उभें राहण्याचा प्रसंग आला, तेव्हां आमच्या तोंडून शब्द फुटेना.

असें कां घडलें, तें आधीं पाहूं. इंजिनांत जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकीं सुमारें एक तृतीयांश उष्णता थंड करणाऱ्या द्रवाकडे जाते. पंप तो द्रव इंजिनाभोंवतीं फिरवतो. रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जातांना तो वाऱ्यानें निवतो व पुन्हां इंजिनाकडे येतो. इ. स. १९०० च्या सुमारास जर्मनींत विल्हेल्म मायबाख यानें मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला, त्यांत आठ हजारांहून अधिक बारीक नळ्या होत्या. आजचे रेडिएटर घडणींत वेगळे असले, तरी वाऱ्यास पुष्कळ पृष्ठभाग देण्याचें तत्त्व तेंच आहे.

आतां झाकणाविषयीं. पाणी १०० अंशांवर उकळतें तें समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाखालीं. दाब वाढला कीं उकळण्याचा अंशहि वाढतो. स्वयंपाकघरांतील कुकर याच तत्त्वावर चालतो. रेडिएटरच्या झाकणांतील स्प्रिंग बाहेरच्या हवेच्या दाबावर साधारण तितकाच आणखी दाब आंत राखते, म्हणून आंतील द्रव १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाहीं. झाकण फिरवतांच तो दाब सुटतो; तापलेल्या द्रवाचा कांहीं भाग तत्क्षणीं वाफ बनतो व उरलेल्यास बाहेर फेकतो. ओल्या पंच्यानें यापासून संरक्षण होत नाहीं. जुन्या मालमोटारींची व्यवस्था पुष्कळशी मोकळी असे, पाणी उडून जाई आणि म्हणून तें घालावें लागे. आजची व्यवस्था बंदिस्त आहे. बंदिस्त गाडी पाणी पीत नाहीं. तिचें पाणी रोज कमी होत असेल, तर तें कोठून तरी जातच असलें पाहिजे.

गाडी ओढून मिस्त्रीकडे नेली, तेव्हां आम्ही मुद्दाम बरोबर गेलों. त्यानें पहिला प्रश्न विचारला, "गुरुजी, खालीं डाग पडे का?" आमच्या अंगणांत तर फरशीवर थेंबहि दिसला नव्हता. त्यानें मान डोलावली व गाडी पूर्ण थंड होईपर्यंत हात लावला नाहीं. धूर दिसला म्हणजे अग्नीचें अनुमान करणें न्यायशास्त्रांत सोपें. येथें धूरच दिसत नव्हता. अशा वेळीं जें जें नव्हे तें तें वगळीत जाऊन जें उरेल तें खरें मानावें, यास परिशेषानुमान म्हणतात. मिस्त्री तें नांव जाणत नव्हता, पण त्याची रीत तीच होती.

त्यानें प्रथम झाकण पाहिलें. त्याचें रबर कडक होऊन चिरलें होतें. मग रबरी नळ्या हातानें दाबून पाहिल्या. जी नळी फुगलेली, मऊ पडलेली किंवा क्लिपेजवळ ओली असेल ती दोषी. रेडिएटरच्या जाळीवर व प्लास्टिकच्या टाकीच्या जोडावर हिरवट वा गुलाबी सुकलेला थर आहे का, तें पाहिलें. कारण गळलेला कूलंट उष्णतेनें सुकतो आणि मागें रंगीत पापुद्रा ठेवतो. नंतर रेडिएटरच्या तोंडावर हातपंप बसवून, झाकणावर लिहिलेला दाब त्यानें थंड इंजिनांतच भरला. दाबाचा कांटा सावकाश खालीं येऊं लागला. थेंब अजून दिसत नव्हता.

बाहेर थेंब नसेल तर गळती इंजिनाच्या आंत असूं शकते, आणि तें दुखणें मोठें. हेड गॅस्केट फुटल्यास कूलंट तेलांत किंवा सिलिंडरांत उतरतो. तेल ताकासारखें पांढरट होतें, किंवा धुराड्यांतून गोडसर वासाचा दाट पांढरा धूर सतत निघतो. मिस्त्रीनें तेलाची काडी काढून पाहिली; तेल स्वच्छ होतें. धूरहि तसा नव्हता असें मुलानें सांगितलें. तेव्हां त्यानें लहान आरसा व दिवा घेऊन पाण्याच्या पंपाखालीं पाहिलें. पंपाच्या अंगास एक बारीक भोंक असतें. आंतील सील झिजलें म्हणजे पाणी बेअरिंगांत न शिरतां त्या भोंकावाटे बाहेर पडावें, अशी योजना आहे. त्या भोंकाखालीं पांढरा क्षार जमला होता, आणि दाबाखालीं तेथून एक थेंब लोंबत होता. गाडी चालतांना हे थेंब तापलेल्या इंजिनावर पडून उडून जात. अंगण कोरडें राही.

पंप उघडल्यावर आंत गंज व खडूसारखा थर निघाला. बोरिंगच्या जड पाण्यांतील क्षार तापल्यावर असेच बसतात, आणि कूलंटांतील गंजरोधक द्रव्य पाण्याच्या भरतीनें पातळ होत जातें. त्या खरखरीत कणांनीं सील घासलें. आमची काटकसर समोर बांकावर मांडलेली होती.

दुरुस्तीचा क्रम असा झाला. जुना द्रव परातींत काढला. पट्टा सोडवून पंप उतरवला. जुन्या गॅस्केटचे अवशेष धातूस ओरखडा न पडतां खरडले. नवा पंप व नवें गॅस्केट बसवून बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करीत आवळले. झाकण, क्लिपा व मऊ झालेली एक नळी बदलली. आंतून स्वच्छ पाणी निघेपर्यंत सर्व धुतलें. मग कूलंट व डिस्टिल्ड वॉटर निम्में निम्में मिसळून सावकाश भरलें, आणि थंड इंजिन झाकण उघडें ठेवून सुरू केलें. थर्मोस्टॅट उघडून वरची नळी गरम झाली व बुडबुडे थांबले, म्हणजे अडकलेली हवा निघाली. तेव्हां पातळी पुरी करून झाकण लावलें. शेवटीं इंजिन निवल्यावर पुन्हां दाब भरला. या वेळीं कांटा हलला नाहीं.

वाचकांनीं चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्यात. कांटा चढल्यास इंजिन बंद करावें व झाकणास हात लावूं नये. वरची नळी हातास पूर्ण गार लागेपर्यंत थांबावें, मग अर्धा तास लागो कीं दोन. तापल्या इंजिनांत थंड पाणी ओतूं नये, धातु तडकतो. गळती बुजवण्यास कित्येक चालक रेडिएटरांत हळद टाकतात. ती बारीक नळ्यांतहि बसते, म्हणून तो उपाय गॅरेज गांठण्यापुरताच समजावा. आणि एथिलीन ग्लायकॉलचा कूलंट चवीस गोड पण विषारी असतो. मुलें, कुत्रीं, गाई तो चाटतात. परातींतला द्रव अंगणांत फेंकूं नये, पिण्याच्या बाटलींत तर कधींच भरूं नये. कोणाच्या पोटांत गेल्यास तत्काळ रुग्णालय गांठावें.

२०१३ सालीं मे महिन्याच्या २३ तारखेस नागपुरांत ४७.९ अंश उष्मा नोंदला गेला होता. अशा गांवीं उन्हाळ्यावर दोष ढकलणें फार सोपें पडतें.

मुलाचा हात महिन्याभरानें बरा झाला, मनगटावर डाग मात्र राहिला आहे. औषधपाण्याचा खर्च व त्या महिन्याचा पगार आम्हीं दिला; त्यावर त्याची आई एवढेंच म्हणाली, "गुरुजी, तुम्हांला ठाऊक नव्हतें." तिचें बोलणें खरें होतें, पण पुतण्यानें विचारलें तेव्हां ठाऊक नाहीं असें आम्हीं म्हटलें असतें, तर तो त्याच दिवशीं मिस्त्रीकडे गेला असता. हल्लीं मुलगा पहाटे, इंजिन थंड असतांना, प्लास्टिकच्या बाटलीवरील रेघेशीं पातळी ताडून पाहतो व वहींत मांडतो. पंप बदलल्यापासून त्या वहींतला आंकडा बदललेला नाहीं. तांब्या आम्हीं पुन्हां देवघराशेजारीं नेऊन ठेवला आहे.