भंगारात जाण्याआधी सीडीचं एक काम

रामनवमीला वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीत देशभरातून बंजारा समाज लोटतो. संत सेवालाल महाराजांमुळे या गावाला समाजाची काशी म्हणतात. मोबाइलवर गाणी येण्याआधी जत्रा म्हटली की भक्तिगीतांच्या सीडीचं दुकान आलंच. २००७ मध्ये मोझर बेअरने सिनेमाच्या व्हीसीडी २८ रुपयांना विकायला काढल्या आणि डिस्क घरोघरी पोचली. पुढे ती कंपनीच दिवाळखोरीत गेली. डिस्क मात्र माळ्यावर पडून आहेत.

त्यांचं करायचं काय? चुलीत तर मुळीच घालू नयेत. धूर विषारी असतो. सीडी म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीचं पॉलिकार्बोनेट. पाण्याचे वीस लिटरचे जार आणि हेल्मेटच्या काचाही याच चिवट प्लास्टिकच्या बनतात. वर ॲल्युमिनियमचा पातळ थर आणि लाखेसारखा लेप. कारखान्यात चुरा करून रसायनाने हा थर काढला की उरलेल्या प्लास्टिकचा दाणा पाडता येतो. अडचण वजनाची आहे. एक सीडी जेमतेम १५ ग्रॅमची, म्हणजे किलोला साठ-सत्तर लागतात. दोन-चार डिस्कसाठी भंगारवाला थांबत नाही. वस्तीने मिळून पोतंभर जमवल्या तरच बोलणं होतं. डबी पॉलिस्टायरीनची, म्हणून ती वेगळी ठेवायची. आतला कागद रद्दीत.

शेतात पाखरं हाकलायला सीडी टांगतात, ते ठीकच. पण उन्हाने तिचा चकचकीत थर सुटून वावरात पडतो, तेव्हा हंगाम संपला की ती उतरवलेली बरी. शाळांत होणारी सीडीची घड्याळं दिसतात छान. पण एका घरात किती टांगणार?

खरी घाई वेगळीच आहे. बंजारा समाजाच्या गोरमाटी बोलीला स्वतःची लिपी नाही, तिचा मोठा ठेवा तोंडी गाण्यांत आहे. तांड्यावरच्या लग्नात किंवा होळीच्या लेंगी नाच-गाण्यात कुणी आजी गात असताना शूटिंग झालं असेल, तर ते कदाचित त्या एकाच डिस्कवर असेल. घरी ‘राइट’ केलेल्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो आणि तो उन्हात विटतो. म्हणून आधी नक्कल करून घ्यावी. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो, पण जुन्या फोटो स्टुडिओत अजून सापडतो.

डिस्क अडखळत असेल तर मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसावी, गोल गोल नाही. खालच्या बाजूचा ओरखडा घासून जाऊ शकतो. वरच्या, छापील बाजूचा जात नाही, कारण माहिती तिथेच, लेपाखाली असते. नक्कल झाल्यावर घरची खासगी डिस्क भंगारात देताना नेमकी तीच बाजू खिळ्याने खरवडून द्यावी.